खाँसाहेब उभा करायचा तर कुणाचा? वसंतराव, राहुल देशपांडे की सिनेमातले सचिन

ओंकार, कोथरूड

नमस्कार मंडळी. आमचा हौशी गट दिवाळीनंतर ‘कट्यार काळजात घुसली’मधले निवडक प्रवेश करतोय आणि दरबारात पंडित भानुशंकरांसमोर वर्षानुवर्षं हरत आलेला गवई, म्हणजे खाँसाहेब, माझ्या वाट्याला आलाय. गाणं लहानपणापासून शिकतोय. नाटकात कामं केली ती कॉलेजात, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींत. पण दोन्ही एकदम, म्हणजे गाता गाता माणूस उभा करणं, हे पहिल्यांदाच करतोय.

तयारी म्हणून सध्या तीन खाँसाहेब आलटून पालटून ऐकतोय, बघतोय. पहिले अर्थात वसंतराव देशपांडे, १९६७च्या मूळ संचातले. त्यांचं मी फक्त ऐकलंय. दुसरे त्यांचे नातू राहुल देशपांडे. सुबोध भावेंनी २०१० साली नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं, त्यातले. तिसरे २०१५च्या सिनेमातले सचिन पिळगांवकर, ज्यांच्यामागे गळा राहुलचाच आहे.

घोळ असा झालाय की तिघं मला तीन वेगळी माणसं वाटतात. नाव एक, गाणी बरीचशी तीच, पण वसंतरावांचा खाँसाहेब रागावलेला वाटतो, राहुलचा बेचैन आणि सचिन यांचा दुखावलेला. माझ्या गुरुजींचं म्हणणं, वसंतरावांना ऐकल्याशिवाय उभा राहू नकोस आणि ऐकलंस तर त्यांच्यासारखं गाऊ नकोस. आमचा दिग्दर्शक म्हणतो सिनेमा बघ, लोकांच्या डोळ्यांसमोर आता तोच खाँसाहेब आहे.

माझी पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी एक. ‘घेई छंद मकरंद’ त्या लयीत घेतलं की दुसऱ्या-तिसऱ्या तानेलाच दम लागतो आणि चेहऱ्यावर खाँसाहेबाऐवजी परीक्षेला बसलेला विद्यार्थी दिसतो, असं बायको सांगते. तुम्ही यांतल्या कुणाला प्रत्यक्ष पाहिलं असेल तर कुणाच्या खाँसाहेबात काय वेगळं होतं ते सविस्तर लिहा. ‘वसंतराव ते वसंतराव’ एवढंच नको, ते मलाही मान्य आहे.

शुभदा, सदाशिव पेठ

ओंकार, मी वसंतरावांचा खाँसाहेब बालगंधर्वला पाहिलाय. तेव्हा शाळेत होते, मोठ्या भावानं नेलं होतं. सगळं आठवतं असं म्हणणार नाही, पण एक गोष्ट पक्की आठवते. आम्ही सगळे पहिल्या अंकापासूनच खाँसाहेबाच्या बाजूचे होतो. आता नाटक वाचलं की कळतं, लेखकानं पंडित भानुशंकरांनाही तेवढंच मोठं केलंय. समोर पंडितजी म्हणून भार्गवराम आचरेकरांसारखा गवई होता, ते काही कमी नव्हते. तरी वसंतराव गायला लागले की बाकीचं नाटक त्यांच्याभोवती फिरायला लागायचं. वन्समोअर मिळाला की तेच गाणं परत यायचं, पण तसंच नाही यायचं. आधी जिथून वर गेले तिथून या खेपेला खाली यायचे आणि प्रेक्षागृहात एकच गलका व्हायचा. माझा भाऊ पेटी शिकत होता, तो बाहेर येऊन बराच वेळ काही बोललाच नव्हता.

मात्र तुला एक सुचवते. गाण्याच्या नादात लोक विसरतात की हा माणूस बाप आहे. जरिना त्याची लेक. जरिना करणाऱ्या फैय्याजबाईंचं ‘लागी करेजवा कटार’ आपण सुटं गाणं म्हणून ऐकतो, पण त्या घरात ते गाणं कुणाच्या कानावर पडतंय याचा विचार कर. दरबारात ताठ असलेला माणूस घरात लेकीसमोर कसा बसतो, हात कुठे ठेवतो, ते ठरव. मला राहुलचा खाँसाहेब तिथे जास्त भावला. घरातला राहुल आणि दरबारातला राहुल यांत फरक दिसतो. वसंतराव सगळीकडे खाँसाहेबच होते.

मिहीर व.

सिनेमाच्या बाजूनंही कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितोय. मी ‘कट्यार’ आधी सिनेमातच पाहिलं आणि त्यानंतर नाट्यसंगीत ऐकायला लागलो. माझ्या वयाच्या कितीतरी जणांचं तसंच झालंय.

सचिन यांचं उर्दू ऐका. शब्द नीट सोडवून, नुक्त्यासकट. नाटकात खाँसाहेबाचं मोठेपण गाण्यातून कळतं, इथे तो बोलायला लागला की कळतं. आणि क्लोजअपमुळे एक गोष्ट मिळाली जी पंधराव्या रांगेतून मिळणं अवघड. पंडितजी गात असताना खाँसाहेबाच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते दिसतं. शंकर महादेवन तिकडे ‘सूर निरागस हो’ गातायत आणि इकडे हा माणूस दाद तर मनापासून देतोय, पण आतून जळतोयही. दोन्ही खरं आहे. मला हा खाँसाहेब दुष्ट वाटत नाही, ते सचिन यांचं श्रेय.

एक हरकत मात्र आहे. सिनेमात पंडितजींचा गळा जावा म्हणून त्यांना शेंदूर खायला घालण्याचं पाप बायकोच्या माथी जातं आणि खाँसाहेब त्यातून मोकळा राहतो. त्यामुळे त्याच्या विजयाला डाग आहे, पण त्याच्या हाताला नाही. ओंकार, तू सिनेमातला खाँसाहेब घेतलास तर हा निरपराधपणाही आपोआप सोबत येईल. नाटकातल्या प्रवेशांत तो बसेल का ते बघ.

पेटीवाले काका

ओंकार, मी नारायण पेठेत राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हौशी संगीत नाटकांना ऑर्गन वाजवतो, त्याआधीही वाजवायचो पण रजा काढून. तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही, त्यामुळे लांबेल.

तू तानेपासून सुरुवात केली आहेस. तान शेवटी घे. आधी एक गोष्ट ठरव. हा माणूस वर्षानुवर्षं पंडितजींसमोर हरत आलाय, तो का हरतो? तो वाईट गातो असं कुठेच नाही. मग? या प्रश्नाचं उत्तर तिघांनी तीन तऱ्हांनी दिलंय आणि तुला जे तीन वेगळे माणूस दिसतायत ते तिथून आलेत.

वसंतरावांच्या बाबतीत उत्तर असं, की तो हरूच शकत नाही, त्याला हरवलं जातं. शुभदाताई म्हणतात ना, आम्ही पहिल्यापासून त्याच्या बाजूचे होतो, ते याचमुळे. डिसेंबर १९६७मध्ये नाटक आलं तेव्हा वसंतराव ४७ वर्षांचे होते. आयुष्याची उमेदीची वर्षं मिलिटरी अकाउंट्सच्या कचेरीत गेलेली, त्यातली बरीच आपल्या पुण्यातच. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे मारवा राग घोटलेला, दीनानाथराव मंगेशकरांचं गाणं कानात मुरलेलं, नागपूरला सप्रे गुरुजींची तालीम. एवढं सगळं गळ्यात असून मैफलीतल्या जाणकारांनी त्यांना मोकळेपणानं आपलं म्हणायला फार उशीर केला. अशा माणसाला नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकरांनी ‘दरबारानं ज्याला डावललं’ तो गवई करायला दिला. दारव्हेकरही नागपूरचेच. त्या रागाला अभिनयाची गरजच नव्हती. लोक म्हणतात वसंतरावांनी खाँसाहेब केला. मी म्हणतो नाटककाराला तो तयार मिळाला.

पण त्यामुळे नाटकाचा तोल सरकला, हेही स्वच्छ बोललं पाहिजे. पंडितजींचा विजय प्रेक्षकाला पटेना. कागदावर दोन गायक्यांची टक्कर आहे, रंगमंचावर ती एका माणसावरच्या अन्यायाची गोष्ट झाली. मला ती गोष्ट प्रिय आहे, पण ती फक्त त्यांच्याच गळ्याला शोभत होती. तू किंवा मी तो राग उसना आणला तर नुसता आरडाओरडा होईल. तुझे गुरुजी तेच सांगतायत.

आता राहुल. आजोबा गेले १९८३मध्ये, तेव्हा हा जेमतेम चार वर्षांचा. म्हणजे त्यालाही आजोबा तुझ्यामाझ्यासारखे रेकॉर्डवरूनच शिकावे लागले, वर सगळं थिएटर आजोबांना कानात घेऊन बसलेलं. अशा वेळी सोपी वाट होती, तानेला तान लावायची. त्यानं ती फारशी धरली नाही. त्याचा आवाज गोल आहे, तो सुरावर जास्त वेळ थांबतो. आणि त्याच्या समोर सदाशिव, म्हणजे खाँसाहेबाच्या घरी नोकर बनून त्याची गायकी उचलणारा पंडितजींचा शिष्य. ते काम महेश काळेंचं, म्हणजे ज्यांनी या नाटकाच्या चाली बांधल्या त्या जितेंद्र अभिषेकीबुवांच्याच शिष्याचं. एक घरातून आलेला, एक गुरूकडून आलेला. त्यामुळे २०१०च्या प्रयोगात खाँसाहेबाचा खरा सामना पंडितजींशी नव्हता, सदाशिवाशी होता. राहुलच्या खाँसाहेबाला मागचं डावललं जाणं तितकं टोचत नाही, पुढचं टोचतं. कुणीतरी आपलं गाणं उचलून नेतंय ही धास्ती. तुला तो बेचैन वाटला, बरोबर ऐकलंस.

आता मी जिथे बसतो तिथून दिसणारी गोष्ट सांगतो. ऑर्गनवाला रंगमंचाच्या पुढे, खाली बसतो. गाणाऱ्याकडे कान असतो, पण डोळे मोकळे असतात. मी हौशी मंडळींचे खाँसाहेब पाहिलेत, चांगल्या गळ्याचे. ते गात असतात तेव्हा सगळे खाँसाहेब असतात. समोरचा गायला लागला की बहुतेक जण सुटतात. कुणी पाण्याच्या भांड्याकडे बघतो, कुणी पुढची ओळ मनात म्हणतो, ओठ हलताना दिसतात. आणि या भूमिकेचा निम्मा जीव ऐकण्यात आहे! खाँसाहेब पंडितजींना ऐकतो. घरातल्या नोकराला ऐकतो आणि त्या नोकराच्या गळ्यातून आपली स्वतःची गायकी बाहेर पडताना ऐकतो. त्या क्षणी त्याला संवाद नाही, गाणं नाही, हातात काही नाही. एका गवयाला आधी काय कळेल? चोरी झाली हे नंतर. आधी कळेल की ती जागा बरोबर लागली. मान आपोआप हलेल, दाद जाईल, आणि मग लक्षात येईल की आपण कुणाला दाद दिली. हे उलट्या क्रमानं केलंस, म्हणजे आधी डोळे वटारलेस, तर तो जमीनदार होईल, गवई राहणार नाही.

मिहीर, म्हणूनच सचिन यांच्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला पटलं. गळा स्वतःचा नसल्यामुळे असेल, त्यांनी सगळं काम ऐकण्यात केलंय. तरीपण माझा जीव गायक नटात अडकलेला आहे. तान घेताना छातीचा भाता वरखाली होतो, मानेची शीर फुगते, तान संपल्यावर पहिलं वाक्य थोडं धापेत येतं. ही धाप हा संगीत नाटकाचा अभिनय आहे. ती सिनेमात मिळत नाही. सुबोध भावेंचा सदाशिवही तसाच, चेहरा त्यांचा आणि गळा महेशचा. ‘अरुणी किरणी’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच होता, पण ते गाणं मी डोळे मिटून ऐकतो.

आता ‘घेई छंद’. एकाच कवितेला अभिषेकीबुवांनी दोन चाली दिल्या, हे तुला ठाऊक असेलच. पंडितजींची सालगवराळी रागात, खाँसाहेबाची धानी रागात. दोन्ही ओळीनं ऐक, एका बसण्यात. पंडितजींचा भुंगा फुलात जाऊन बसलाय, खाँसाहेबाचा अजून या फुलावरून त्या फुलावर झेपावतोय. धानीत मुख्य सूर पाचच, सा, कोमल ग, म, प, कोमल नि. अडायला जागा नाही, म्हणून तान सुसाट पळते आणि म्हणूनच दमवते. तू वसंतरावांच्या ताना उतरवून घेऊ नकोस. त्यांच्याकडून एवढंच घे की शब्द कसे फेकलेत. ‘मकरंद’, ‘मिलिंद’, ‘धुंद’, या प्रत्येक ‘द’वर ते कसा ठोका देतात आणि पुढच्या शब्दावर झडप घालतात. लय थोडी खाली आण, ताना अर्ध्या कर, पण शब्दांची झडप ठेव. घाई लयीत नसते, उच्चारात असते. काळी एकमध्ये हे छान होईल.

‘या भवनातील गीत पुराणे’ तुमच्या प्रवेशांत असेल तर ते जास्त अवघड आहे असं समज. हवेली मिळाली, राजगायकपद मिळालं, कट्यार मिळाली, तिनं केलेला एक खून माफ. अशा वेळी हा माणूस काय म्हणतो, तर इथले मवाळ, हळवे सूर दूर जाऊ द्या. वसंतराव ते हुकुमासारखं गातात. पण ज्याला मवाळ सुरांचं काहीच वाटत नाही तो त्यांना घालवायला कशाला जाईल? ते सूर भिंतींतून अजून त्याला ऐकू येतायत. तू ते ऐकत ऐकत गा.

मिहीर व.

काका, धापेचा मुद्दा कळला आणि मान्य. तरी एक विचारतो. गायक नटच हवा असा आग्रह धरला तर आज खाँसाहेब करू शकणारी माणसं किती उरतात? २०१०ला राहुल होते म्हणून नाटक उभं राहिलं. ज्या गावात असा गळा नाही तिथल्या मुलांनी हे नाटक करायचंच नाही का? मला वाटतं, ओंकारला अख्खं गाणं झेपत नसेल तर दोन ओळी गाऊन बाकी नुसतं बोलून करावं.

पेटीवाले काका

करावं की. मी नाही म्हटलेलं नाही. दोन ओळी गाव्यात, पण त्या स्वतःच्या गळ्यानं गाव्यात, मागे रेकॉर्ड लावून ओठ हलवू नयेत. हौशी स्पर्धांत हल्ली ट्रॅक लावतात. बरोबर वाजवायला माणूस नाही म्हणतात. पुण्यात पेटी-तबल्याला माणूस मिळत नाही हे मी ऐकून घेणार नाही, शोधलं की मिळतो. ट्रॅक नटासाठी थांबत नाही. नटाला वाटलं, आज ‘दूर’वर जरा रेंगाळावं, तर रेंगाळता आलं पाहिजे. आम्ही खाली बसलेलो असतो ते त्यासाठी.

शुभदा, सदाशिव पेठ

काकांचं ऐकण्याबद्दलचं वाचल्यावर मी काल रात्री सिनेमा पुन्हा लावला आणि फक्त न गाणाऱ्यांकडे बघत बसले. वेगळाच सिनेमा दिसला. पंडितजींची मुलगी उमा आणि जरिना, दोघींचंही पुष्कळ काम ऐकण्याचंच आहे. ओंकार, तुमच्या गटात जरिना कोण करतंय? तिलाही हे सगळं वाचायला दे. बाप गात असताना ती काय करते यावर तुझा खाँसाहेब बराच ठरेल.

आणि ‘मी वसंतराव’ हा सिनेमा पाहिला नसशील तर बघ. राहुलनं त्यात आजोबांचंच काम केलंय. काका म्हणतात तो कचेरीतला काळ त्यात आहे. नातवानं आधी आजोबांची भूमिका केली आणि मग आजोबाच केले. राहुलचा खाँसाहेब हा सिनेमा पाहून मग ऐकला तर आणखी उलगडतो, निदान मला उलगडला.

ओंकार, कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा मजकूर छापून तालमीला नेला आणि दिग्दर्शकानं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. आता प्रवेश थोडे बदललेत. ‘या भवनातील’ पूर्ण घेतोय, ‘घेई छंद’ लय उतरवून एक अंतरा. सदाशिव गातो आणि मी ऐकतो तो तुकडा आधी आम्ही कापला होता, तो परत घातलाय. त्यात मला एकही वाक्य नाही.

काल तो पहिल्यांदा उभा राहून केला. सदाशिव करणारा मुलगा चांगला गातो. त्यानं एक जागा अशी घेतली की मी खरंच ‘वा’ म्हणालो, जे संहितेत नाही. दिग्दर्शक म्हणतो ठेव. मला भीती वाटते की प्रयोगात ती जागा तशी लागली नाही तर माझा ‘वा’ खोटा पडेल. अशा वेळी काय करायचं?

शुभदाताई, जरिना करणारी भरतनाट्यम शिकलेली आहे, बसण्या-उठण्यात सुरेख आहे. तिला वाचायला दिलंय.

पेटीवाले काका

जागा लागली तर ‘वा’ म्हण, नाही लागली तर गप्प राहा. ते ठरवून येऊ नकोस. सदाशिवालाही सांगून ठेव की दाद मिळेलच असं धरून गायचं नाही, मग तोही त्या जागेसाठी जिवापाड गाईल.

पट्टी दोघांची एकच आहे का? सदाशिवाचा गळा वरचा असेल तर तो तुकडा त्याच्या पट्टीत घ्या. तुझ्या संवादाआधी मी दोन सुरांत काळी एकवर आणून देईन. तबल्याला कोण आहे ते कळव, आणि तालीम संध्याकाळी सातनंतर असेल तर मी येतो. माझी पेटी मी आणीन, फक्त जिन्यात हात लावायला एक जण पाठव.